आईला रडायला सवडच ठेवू नका

प्रश्न असा आलाय की लाखांदूरकडच्या काही पोरापोरींनी गावच्या मंडईसाठी, म्हणजे जत्रेसाठी, ४० मिनिटांचं नाटक बसवायला घेतलंय. सासरी मार खाल्लेली लेक रात्री माहेरी येते, मागून जवाई येतो, माय तिला वाचवते, एवढीच गोष्ट. पण तालमीत माय रडायला लागली की बघायला बसलेले हसतात. नंतर हेच नाटक मोबाईलवर छोट्या छोट्या भागात शूट पण करायचंय. आणि नागपूरला शिकणाऱ्या एका मित्रानं सांगितलं की हे सगळं ओव्हरअ‍ॅक्टिंग आहे, कमी करा. तर काय करावं? सोबत स्क्रिप्ट पण पाठवली आहे, ती मी पूर्ण वाचली.

मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, मायच्याच भूमिका जास्त केल्या, आता नाटकं बसवते पण, आणि हा प्रसंग माझ्या फार जवळचा आहे म्हणून लांब लिहिते.

आधी त्या ओव्हरअ‍ॅक्टिंगचं. कमी करू नका. आपल्याकडे धान कापणी आटोपत आली, मंडई सुरू झाली की वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, साकोली या सगळ्या पट्ट्यात रात्री १० च्या आसपास पडदा उघडतो आणि लोक ब्लँकेट पांघरून पहाटेपर्यंत बसतात, तिकीट काढून बसतात. त्यातली शेवटच्या रांगेतली म्हातारी स्टेजपासून एवढी लांब असते की तिला तुमच्या डोळ्यातलं पाणी दिसतच नाही, तिच्यापर्यंत पोचायचं तर आवाज मोठा, हात मोठा, ऑर्गन मोठा, हे लागतंच. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. म्हणून मोठ्यानं करायची लाज बाळगू नका. लोक हसले ते मोठं झालं म्हणून नाही हसले. लोक हसले कारण तुमची माय संकट यायच्या आधीच रडायला लागली.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये लेक दारात येते, माय "माझी बाई!" म्हणून किंचाळते, छाती पिटते, मग दोन पानं रडते, मग जवाई येतो. आता खरं सांगा, तुमच्या घरी पोरगी रक्तबंबाळ होऊन आली तर तुमची आई दोन पानं रडेल काय? ती आधी दार लावेल. मग फडकं शोधेल, पाणी आणेल, "कुठं लागलं, डोकं दाखव, हात हलवता येते काय" हे विचारेल, आणि पायानं कुत्रं हाकलेल. रडणं येतं ते सगळं झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी भाकर थापताना येतं. बघणाऱ्या बायांना हे माहीत असतं, त्यांनी हे केलेलं असतं, म्हणून खोटी माय त्यांना लगेच ओळखू येते. मायच्या हाताला काम द्या, एवढं केलं तरी निम्मं नाटक सुधारते.

पण काम म्हणजे कुठलंही काम नाही. त्यासाठी लेकीला नेमकं काय लागलं ते पहिले ठरवा. तुमच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं "जखमी अवस्थेत" लिहिलंय, तेवढ्यानं भागत नाही. मी असलं नाटक बसवते तेव्हा दोन जखमा ठरवते. एक डोक्याला, केसांच्या कडेला, पाट्याच्या कोपऱ्यावर ढकललं म्हणून. आणि एक हाताला, डावा हात मनगटाच्या वर मोडलाय. डोक्याची जखम लहान असली तरी रक्त फार येतं, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच समजते. आणि मोडलेला हात माणूस दुसऱ्या हातानं छातीशी धरून चालतं, धक्का लागला की श्वास अडकतो, वाक्य तुटक येतात. मग लेकीला वेगळं कण्हायची गरजच राहत नाही, तिचं बोलणंच दुखऱ्या माणसासारखं होतं.

आता यातून स्टेजवर काय मिळते ते बघा. वाहतं रक्त थांबवायला स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरावं लागतं, चांगली १० मिनिटं, मधे उचलून पाहायचं नाही, उचललं की पुन्हा सुरू. म्हणजे मायचा एक हात लेकीच्या डोक्यावर अडकला. लेकीचा डावा मोडलेला, उजव्यानं तिनं डावा धरलेला. म्हणजे दोघीत मिळून मोकळा हात एकच उरला. आणि दाराची कडी लावायची राहून गेली आहे. बाहेर गाडीचा आवाज येतो. बस, आता माय एक शब्द नाही बोलली तरी सगळा मंडप श्वास रोखून बसतो, कारण प्रत्येकाला दिसते की फडकं सोडलं तर रक्त आणि नाही सोडलं तर दार. सिंदेवाहीकडच्या एका गावात आमचा हाच प्रसंग चालू होता आणि पुढच्या रांगेतली एक आजी उभी राहून ओरडली, "कडी लाव वो माय, कडी लाव!" त्या क्षणाला ऑर्गनवाल्यानं पण हात उचलले होते, त्याला समजलं की इथं सूर नको. माझ्या मते तुमच्या पूर्ण ४० मिनिटांत हा एक मिनिट सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याच्यावर सगळ्यात जास्त तालीम करा.

हळद, चहापत्ती, चुना असलं काही जखमेत भरताना दाखवू नका, आणि मोडलेला हात तेलानं चोळताना किंवा ओढून बसवताना तर अजिबात नाही. लोक नाटकात पाहिलेलं घरी करतात. हात हलू नये म्हणून खाली बांबूची कमची नाहीतर घडी केलेला पेपर, त्यावर पट्टी, आणि ओढणीची झोळी गळ्यात, हे मायनं एका हातानं आणि दातानं गाठ मारून करायचं, कडीच्या प्रसंगानंतर लेकीची धाकटी बहीण आली तर ती मदत करेल. रक्तासाठी कुंकवाचं पाणी वापरू नका, डोळ्यात गेलं की पोरगी पुढचा प्रवेश करू शकत नाही. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी पावडर, झालं. तेही केसांच्या कडेला लावा म्हणजे ओघळ कानाकडे जाईल.

मेकअपवाल्याला अजून एक सांगा. आत्ता मारलेल्या जागी निळं-काळं करत बसू नका, ताजा मार लाल आणि सुजलेला असतो, निळं-जांभळं नंतर होतं, आणि बरेच दिवस झालेला वळ हिरवट पिवळा दिसतो. आता लेकीच्या उजव्या दंडावर, बाहीच्या आत, असा पिवळा वळ ठेवा. माय झोळी बांधताना बाही वर सरकते. माय विचारते, "हे कवाचं होय?" लेक बाही खाली ओढते. माय पुन्हा वर करते. मागच्यांना पिवळा रंग दिसणार नाही, पण बाही वर-खाली होताना दिसेल आणि मायचा आवाज बदललेला ऐकू येईल. यात तुमची दोन पानांची कहाणी, कधी मारलं, किती वेळा मारलं, सासू काय म्हणाली, सगळी बसते. ती पानं कापा.

आता मुख्य गोष्ट. तुमची माय पहिल्या मिनिटापासून शूर आहे. तिला काहीच सोडावं लागत नाही, ती नुसती जवायाच्या कानाखाली मारते आणि टाळी घेते. मोबाईलवरच्या छोट्या ड्रामात असंच असते, दर मिनिटाला एक थप्पड, मला माहीत आहे ते बघून लिहिलंय आणि ते बघायला मजा पण येते. पण आपल्या गावातली माय अशी उभी राहते तेव्हा तिला त्याची किंमत द्यावी लागते. ती किंमत लोकांना माहीत आहे, तुम्ही नाही दाखवली तर प्रसंग पोकळ वाटतो. धाकटीचं लग्न जमायचं आहे. लग्नाचं कर्ज अजून फिटलं नाही. सख्खा भाऊच येऊन म्हणतो, "नांदती पोरगी घरी ठेवून घेतली तर लोक काय म्हनतीन?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे मागच्या वेळी लेक अशीच आली होती तेव्हा याच मायनं तिला समजावून, नवीन लुगडं देऊन, एसटीत बसवून परत पाठवलं होतं.

हे शेवटचं नक्की घ्या. कारण मग लेकीचा प्रवेशच बदलतो. ती दारात येऊन "आई!" म्हणून कोसळत नाही. ती मागून, घरामागच्या सांदवाडीतून येते आणि गोठ्यात बैलाच्या आडोशाला बसून राहते, कारण तिला मायचीच भीती वाटते. माय बैलाला वैरण टाकायला कंदील घेऊन येते आणि तिला ती दिसते. लेकीचं पहिलं वाक्य, "माय, या टायमाले मले वापस नोको धाडू वो." यापुढे कुठल्याही लेखकाला जास्त काही लिहायची गरज नाही. मायनं इथं रडायचं नाही, उत्तर पण द्यायचं नाही, कंदील खाली ठेवायचा आणि तिला उठवायला हात पुढे करायचा, लेक आधी मागे सरकते. मग पुढे माय जे काही करते, दार अडवते, भावाला घराबाहेर काढते, पोलीस पाटलाला उलट बोलते, ते सगळं त्या एका वाक्याचं उत्तर होते. तुमचं नाटक जवायाला हरवण्याचं आहे असं तुम्हाला वाटते, मला ते त्या मायनं लेकीचा भरोसा परत मिळवण्याचं वाटते.

आता जवाई. तो दारू पिऊन, मिशीला पीळ देत, "कुठंय माझी बायको" असा ओरडत येतो. तसा आला की मायचं काम सोपं होते, गावातलं कोणीही त्याला हाकलेल. त्याला शुद्धीत आणा. हळू बोलू द्या. आणि त्याच्याकडे गाडी द्या. रात्रीची वेळ, एसटी बंद, गावात दुसरी गाडी नाही, लेकीला एकदा ओकारी झाली आहे, तेच तेच विचारते आहे, "माय, बाबा आले काय" (बाबा केव्हाचे वारले), झोप आवरत नाही, डोक्याच्या मारात ही धोक्याची लक्षणं असतात, दवाखान्यात न्यावंच लागते. आणि जवाई दारात येऊन म्हणतो, "मामी, गाडी बाहेर उभी हाय. मीच नेतो दवाखान्यात. फकत तिथं सांगा का विहिरीवर पाय घसरला."

बघा, आता दुष्ट माणूस मदत घेऊन उभा आहे. माय नाही म्हणाली तर लेकीचा जीव धोक्यात, हो म्हणाली तर लेक पुन्हा त्याच घरात. असा पेच असला की मेलोड्रामा खरा उभा राहतो, थप्पड मारून उभा राहत नाही. मायनं १०८ ला फोन लावलेला असावा, ही अ‍ॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि गावागावात माहीत आहे, पण यायला वेळ लागणार, तो वेळ कितीही लांबवा. तेवढा वेळ मायला बोलून काढायचा आहे, दारात उभं राहून, जवायाला आत न येऊ देता. तिच्याकडे दुसरं काही नाही.

आणि या बोलण्यात मायनं जवायाला अरे-तुरे करू नये असं माझं ठाम मत आहे. ती "जवाईबुवा, तुमी बसा, पानी घ्या" असंच बोलत राहील, मान देत राहील, आणि उंबऱ्यावरून हलणार नाही. "तू" म्हटलं की टाळी येते हे खरं, पण टाळी पडली की बघणारे सैल होतात आणि पेच सुटतो. जवायाचा संयम आधी सुटला पाहिजे. एकदाच, शेवटी, तो तिला ढकलतो, माय उंबऱ्यावर पडते, पण फडकं आता धाकटीनं दाबून धरलेलं आहे, आणि माय पडल्या पडल्या त्याचा पाय धरते, विनवणीसाठी नाही, आत जाऊ नये म्हणून. पूर्ण नाटकात हाणामारी एवढीच ठेवा. पडण्याची तालीम गादीवर करा, पुढे हात टेकवून पडू नका, मनगट जाते, कुशीवर पडा.

पोलीस पाटील आणलाय ते चांगलं केलं. पण तो तुमच्याकडे नुसता वाईट आहे. त्याला वाईट करू नका, त्याला दमलेला करा, "रात्रीची येळ हाय, सकाळी बसून पाहू, घरातलं भांडन घरात" असं म्हणणारा, स्वतःला शहाणा समजणारा माणूस. असे लोक मी फार पाहिले. तो म्हणतो की पोरीनं स्वतः तक्रार केल्याशिवाय काही होत नाही. इथं आशाताईला, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीला, बोलू द्या, कारण तो चुकतोय. नवऱ्याच्या छळाची तक्रार रक्ताच्या नात्यातलं माणूस, म्हणजे मायसुद्धा देऊ शकते. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकते. तुमच्या स्क्रिप्टमधलं "४९८ लावीन" हे वाक्य जुनं झालं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, त्यात ते कलम ८५ झालं. पण मी म्हणते मायच्या तोंडी कलमाचा आकडा देऊच नका, तिच्या तोंडी शोभत नाही. आशाताई एवढंच म्हणेल, "मावशी, तुमी पन देऊ शकता तक्रार," आणि माय तिच्याकडे बघेल. दवाखान्यात डॉक्टर मार कशानं लागला ते लिहून घेतात, म्हणूनच जवायाला विहिरीची गोष्ट पाहिजे आहे, हे पण आशाताईच्या एका वाक्यात येऊ द्या. नाहीतर बघणाऱ्याला वाटेल की त्यानं नुसती लाज राखायला म्हटलं.

आता रडणं. मी रडू नका म्हणत नाही, उलट लोक त्यासाठीच येतात आणि त्यांना ते मिळालं पाहिजे. फक्त जागा बदला. १०८ चा आवाज येतो, लेकीला स्ट्रेचरवर घेतात, जवाई अंधारात निघून गेलेला असतो, धाकटीकडून फडकं मायनं परत घेतलेलं असते, आशाताई म्हणते "मावशी, हात सोडा आता," आणि मायच्या लक्षात येते की रक्तानं भरलेलं फडकं तिच्या मुठीत अजून आहे. तिथं सोडा. तिथं ऑर्गन घ्या, तिथं छाती पिटा, जेवढं मोठं करायचं तेवढं करा, कोणी हसणार नाही, कारण तेव्हा बघणारा तुमच्या आधीच रडत असेल.

त्यातही तंत्र आहे. वाक्याच्या मधे हुंदका आला की शब्द खाल्ला जातो आणि मागे नुसता "अ‍ॅ अ‍ॅ" ऐकू जातो, लोकं त्याला पण हसतात. वाक्य पूर्ण बोला, मग हुंदका, मग पुढचं वाक्य. नाकातून रडू नका, पोटातून श्वास सोडा. वर टांगलेला माइक असेल तर रडताना तोंड त्याच्याकडे, मान खाली घालून रडलं की सगळं जमिनीत जाते. कॉलर माइक असेल तर लेकीचं डोकं छातीशी धरताना माइकच्या उलट्या बाजूला धरा, नाहीतर मिठी मारली की स्पीकरमधून ढोल वाजल्यासारखा आवाज येतो आणि सगळा प्रसंग जातो. हे तालमीतच ठरवा, माइक डाव्या बाजूला तर डोकं उजव्या खांद्यावर. ऑर्गनवाल्याला आणि ऑक्टोपॅडवाल्याला कागदावर लिहून द्या की कुठं थांबायचं. ते लोक सवयीनं प्रत्येक रडण्यावर वाजवतात, त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगतच नाही. गोठ्यातला प्रवेश आणि कडीचा प्रवेश, दोन्ही पूर्ण कोरडे पाहिजेत.

मोबाईलच्या शूटिंगबद्दल थोडं. उभ्या फ्रेममध्ये दार आणि माय आणि लेक तिन्ही बसत नाही, म्हणून दार दाखवायचा हट्ट सोडा, कडीचा आवाज घ्या. त्याऐवजी उभी फ्रेम या प्रसंगाला एक फार चांगली गोष्ट देते, मांडीवर लेकीचं तोंड खाली आणि मायचं तोंड वर, दोन्ही एकाच वेळी दिसतात. इथं मात्र स्टेजवरचा आवाज आणि हातवारे चालणार नाहीत, निम्म्यानं कमी करा, आणि तो पिवळा वळ इथं स्पष्ट दिसेल तर "कवाचं होय" हा प्रश्न पण काढून टाकला तरी चालेल, नुसतं बोट फिरवू द्या. भाग तोडायचे तर थप्पडीवर नाही, निर्णय बाकी असताना तोडा. पहिला भाग "मले वापस नोको धाडू" वर, दुसरा गाडीच्या आवाजावर, तिसरा "फकत तिथं सांगा का विहिरीवर पाय घसरला" वर. बाहेर शूट करणार असाल तर वारा माइकमध्ये शिरते, गोठ्यातच करा, बैल शांत असला पाहिजे आणि त्याचा मालक फ्रेमच्या बाहेर उभा पाहिजे.

शेवटी विचारलंय की माय विळ्यानं जवायाला मारते आणि पडदा पडतो, हा शेवट ठेवावा काय. नको. विळा चालला की माय जेलमध्ये आणि लेक पुन्हा एकटी, मग एवढा वेळ वाचवलं कोणाला? विळा भिंतीला अडकवलेला राहू द्या, जवायाची नजर एकदा तिकडे जाऊ द्या, मायची पण जाऊ द्या, आणि माय तो न घेता उंबऱ्यावर बसते. बसली म्हणजे आता उठत नाही, हे त्याला समजते.

लेकीचं काम करणाऱ्या पोरीला उद्यापासूनच डावा हात झोळीत बांधून तालीम द्या, चहा पिताना, स्क्रिप्ट वाचताना पण, म्हणजे ऐन वेळी हात बदलणार नाही. मधल्या ओळीतल्या बाया हे सगळ्यात आधी पकडतात. आणि मायचं काम तुम्ही कॉलेजच्या पोरीला दिलंय ते बदलता आलं तर बदला, गावातली एखादी ४०-४५ ची बाई विचारा, भजनी मंडळातली असेल तर आवाज तयार असतो. पाठांतराची चिंता करू नका, प्रॉम्प्टर ठेवा. दुसरी प्रत मंडईच्या आधी पाठवा, मी वाचून देते.